काळा झगा आणि नारळावरचा शब्द

आमच्या घरात पुस्तकं फार उशिरा आली. त्याआधी आली पत्रकं.

बाबांचा मालवणच्या बाजारात पायानं चालवायचा छापखाना होता. लग्नपत्रिका, दशावतारी नाटकांच्या जाहिराती आणि ज्याला कोणाला सरकारचा, सावकाराचा नाहीतर पलीकडे गोव्यात बसलेल्या पोर्तुगीजांचा राग आलेला असेल त्याची पत्रकं तिथं छापली जात. शाई फुटलेल्या, वाकड्या छापलेल्या प्रती बाबा संध्याकाळी होडीनं खाडी ओलांडून तोंडवलीला घरी आणत. आई त्यांत सुकी मासळी बांधायची. बांधण्याआधी मी त्या वाचायची. त्यामुळे मला बोलायला आलं तेच मुळी सभेत बोलतात तसं. आठ वर्षांची असताना पानावर बसून मी म्हटलं होतं, "बंधुभगिनींनो, आज पुन्हा पेजच का?" आईनं पळी तशीच हातात धरून उत्तर दिलं होतं, "भगिनी म्हणता, गप गिळ."

अजूनही राग आला की मी मालवणी सोडून छापील मराठीत शिरते. घरातल्यांना ते ठाऊक आहे. माझ्या तोंडून 'परंतु' हा शब्द आला की आई चुलीतलं लाकूड मागं ओढते.

कोल्हापुरात चार वर्षं शिकून मी बी.ए. झाले तेव्हा पावसाळा होता. खाडीला उधाण होतं, होडी बंद होती. निकालाची तार पोस्टमननं आचऱ्याकडून चिखल तुडवत आणली आणि बाबांना वाचून दाखवताना तोच आधी रडला. आमच्या घरात काय, आमच्या वाडीत तोवर कोणी बी.ए. झालेलं नव्हतं. बाबा स्वतः मराठी सातवी पास. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या मुलांसाठी 'हार्दिक अभिनंदन' जुळवलं होतं. त्या दिवशी ते पडवीत उभे राहिले, समुद्राकडे बघितलं आणि म्हणाले, "फोटो काढूक होयो. झगो घालून."

मी म्हटलं, "इंग्रज गेले, झगा अजून गेला नाही काय?"

"झगो रवलो तो बरो झालो," बाबा म्हणाले. "तेवडोच एक फुकट घालूक गावता."

बाबांना कारणं सांगण्यात अर्थ नव्हता. माझं प्रत्येक कारण त्यांनीच कधी ना कधी स्वतःच्या हातानं शिशाचे खिळे जुळवून छापलं होतं. मी झग्यापुरती माघार घेतली. पण बाजारातल्या फोटो स्टुडिओत जाणार नाही, हे मात्र बजावून सांगितलं. त्या स्टुडिओत एक खुर्ची होती. कोरीव पाठीची, लाल मखमलीची. तालुक्यातल्या लग्नाच्या सगळ्या मुली त्या खुर्चीत बसून, शेजारच्या फुलदाणीकडे बघत फोटोत गेल्या होत्या. मुली वेगळ्या, खुर्ची आणि फुलदाणी तीच. मुलगी स्टुडिओची पायरी चढली की समोरचा कापडवाला लग्नाच्या साड्या पुढं मांडायला लागायचा. त्या खुर्चीत मी बसणार नव्हते.

खरी भीती वेगळी होती, आणि ती घरात सगळ्यांना माहीत होती. कोल्हापूरच्या एका साप्ताहिकानं मला दिवाळीनंतर कामावर बोलावलं होतं. प्रुफं तपासायची आणि जमलं तर लिहायचं. मी होकार कळवून टाकला होता. त्याच दिवाळीला आईच्या ओळखीतले एक मामा मुंबईहून गावी येणार होते. त्यांचा भाचा गोदीत कारकून. आईनं त्यांना कधीचा शब्द दिला होता की चेडवाचो, म्हणजे मुलीचा, फोटो तुमच्याच हाती देतंय. फोटो मुंबईला गेला, पसंत पडला, की मार्गशीर्षात अक्षता आणि कोल्हापूर संपलं. बाबांना विचारलं तर ते म्हणत, "बघूया." बाबांच्या 'बघूया'वर आमच्याकडे कोणी भात शिजत टाकत नाही.

म्हणून फोटो काढायला माझी हरकत नव्हती. फोटो कुठं जाणार, एवढंच मला ठरवून हवं होतं. आई मात्र त्या विषयावर अवाक्षर काढत नव्हती. मी विषय काढला की तिला नेमकं विहिरीवर काम आठवायचं.

दसरा झाला, समुद्र निवळला, होडी सुरू झाली. बाबा त्या स्टुडिओच्या फोटोग्राफरची जाहिरातपत्रकं छापायचे, त्या घरोब्यावर तो आमच्याकडे यायला तयार झाला. दुपारची जेवणं होऊन गेल्यावर सर्जेकोटच्या बाजूनं होडी आली. त्यात तो एकटाच होता आणि बाकी सगळी जागा त्याच्या सामानानं व्यापली होती. तिकाटणं, कॅमेऱ्याची काळी पेटी, गुंडाळलेला पडदा आणि मांडीवर, लेकरू धरावं तशी, ती फुलदाणी.

"ही कित्याक हाडलास?" मी विचारलं.

"सवयीन," तो म्हणाला. "हिच्याशिवाय माका फोटो काढल्यासारखो वाटणा नाय."

पडदा त्यानं दोन माडांच्या मध्ये बांधला. पिंगुळीच्या एका चित्रकारानं तो रंगवलेला. तळं, तळ्याकाठी राजवाडा, पाण्यात एक हंस. पुराणातल्या कथांची चित्रं, चित्रकथी, रंगवणाराच हात तो, त्यामुळे हंसाला युद्धावर निघालेल्या राजासारखा मोठा टपोरा डोळा होता आणि तो बघणाऱ्यावर रोखलेला होता. पडद्याच्या मागं हाकेच्या अंतरावर खरा समुद्र होता. तो झाकून आम्ही त्याच्यापुढं तळं टांगलं. वारा आला की तळं फुगायचं, राजवाडा पोटुशीसारखा पुढं यायचा.

मग झगा निघाला. मालवणच्या कोर्टातल्या कोणा वकिलाचा तो जुना झगा. काळा होता म्हणायचं, पण खांद्यावर तांबूस झाला होता आणि त्याला तपकिरीचा वास येत होता. त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. बाबांनी बांधणीचा पुठ्ठा कापून, वर काळा कागद चिकटवून चौकोनी टोपी स्वतः केली होती. तिला गोंडा लोकरीचा. पदवीचं प्रमाणपत्र अजून आलेलंच नव्हतं, म्हणून हातात धरायला त्यांनी दशावताराची एक गुलाबी जाहिरात गुंडाळून तिला लाल दोरा बांधला. मी तो झगा चढवला, टोपी घातली, ती गुंडाळी हातात घेतली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसू लागले आणि पुसतच राहिले. मी झग्याच्या बाह्या सारख्या केल्या.

तेवढ्यात आई बाहेर आली आणि तिनं झगा पाहिला.

"ह्या काय? काळा?"

"तसोच आसता," बाबा म्हणाले.

"चेडवाचो पयलो फोटो, नि डोक्यापासून पायापर्यंत काळो? सुतक काढतास काय घरात?" ती तुळशीजवळ उभी राहिली. "तेंका बोलवा. गाऱ्हाणा घालूक होया. तेच्याशिवाय हो फोटो काढूचो नाय."

तेंका म्हणजे काकांना. बाबांचे थोरले भाऊ, शेजारच्याच घरात राहणारे. वाडीत कोणाचीही होडी पाण्यात उतरो, म्हैस आजारी पडो की मुलगा परीक्षेला बसो, गाऱ्हाणं घालायचा मान काकांचा. आमच्याकडे देवाशी मनातल्या मनात बोलत नाहीत. हातात नारळ धरून, चारचौघांत, खणखणीत आवाजात काय हवं ते सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. जमलेल्यांचं होय निघालं की ते देवानं ऐकलं आणि माणसांना बांधलं. त्यानंतर ते कोणाला मोडता येत नाही. सरकारी स्टँपचा कागद लोक मोडतात, नारळावरचा शब्द मोडलेला मी आमच्या गावात पाहिलेला नाही.

चौदाव्या वर्षापासून मी 'होय म्हाराजा' म्हणणं बंद केलं होतं. बाबांच्याच छापखान्यात बुवाबाजीविरुद्ध एक पत्रक छापलं होतं, ते मी वाचलं आणि मला पटलं. देवाला दहा जणांकडून ओरडून का सांगावं लागतं, याचं उत्तर मला कोणी दिलं नाही. तेव्हापासून जत्रेला मी सगळ्यांत उभी राहायची, पण तोंड मिटून. पहिल्याच वर्षी काका नारळ फोडून मागं वळले आणि म्हणाले होते, "एक आवाज कमी लागता." आईनं खाली बघितलं होतं. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी सुखानं माझं तत्त्व पाळत होते.

काका आले. अंगात बंडी, खांद्यावर पंचा, हातात सोललेला नारळ. शेजारच्या दोघी-तिघी बायका हात पुसत आल्या. फोटोग्राफरनं काळ्या कापडाखालून डोकं काढून बाहेर पाहिलं.

"किती वेळ लागतलो?"

"देवाक घाई करतंस रे?" काका म्हणाले.

"देवाक नाय, सूर्याक घाई आसा. तो त्या माडांच्या मागं गेलो काय माझी पेटी आंधळी."

काकांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तुळशीकडे तोंड केलं, नारळ दोन्ही हातांत वर धरला आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बायका, आई, बाबा.

"आज ह्या घरातल्या चेडवाचो फोटो काढूचो आसा. शिकला, मोठा झाला, तुझ्याच दयेन झाला."

"होय म्हाराजा!"

"तेच्या आंगार काळो झगो आसा. तो हौशेन घातलेलो आसा, दुसरा काय मनात नाय. तेचो दोष धरू नको."

"होय म्हाराजा!"

"ह्या काळ्या पेटयेतसून कोणाची वाकडी नदर येयत, तर ती थंयच अडव."

"माझी नदर वाकडी?" फोटोग्राफर म्हणाला, पण त्याचं वाक्य 'होय म्हाराजा'त बुडून गेलं.

आईनं बाजूच्या बाईच्या कानात काहीतरी सांगितलं, ती पुढं होऊन काकांच्या कानाला लागली. काकांनी मान हलवली.

"आणि दिवाळयेक हो फोटो मुंबयक जातलो. थंयसर बऱ्या घरात पोचांदे, मार्गशीर्षात दोनाचे चार हात होवंदेत—"

"होय म्हा—"

"थांबा!" मी ओरडले.

सगळे थांबले. एका बाईचं 'राजा' मागून एकटंच बाहेर पडलं.

"ही मागणी मला मान्य नाही," मी म्हणाले. "ज्याचा फोटो आहे त्याला न विचारता त्याचं भविष्य जाहीर करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु—"

"परंतु इला," आई पुटपुटली.

काका नारळ वर धरूनच माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. गाऱ्हाण्यात मध्येच कोणी बोललेलं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. "गो बाय, नारळ हातात आसा. बोलतंय ता अर्धा रवला तर माका तो खाली ठेवूक येवचो नाय."

"मग अर्धा ठेवू नका. बदला."

"बदलूक ता काय तुझा पत्रक?"

"दुरुस्ती मांडते मी."

"काय मांडतस?"

बाबांनी चष्मा घातला. "दुरुस्ती, भाऊ. सभेत करतत तशी. बोललेला पुसूचा नाय. तेच्यात बदल सांगूचो, आणि सगळ्यांनी होय म्हटला काय बदललेला खरा."

काकांनी विचार केला. नारळ धरलेले हात थोडे खाली आले, मग त्यांच्या लक्षात येऊन पुन्हा वर गेले. "देव काय बहिरो नाय. आयकतलो. पण एक सांगतंय. बोललेला बदलूचा तर सगळ्यांनी होय म्हणूक होया. एक जरी तोंड मिटलेला रवला तर तो बदल कोणाक बांधणा नाय." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुझा तर मिटलेलाच आसता."

"सावली पायाकडे इली," फोटोग्राफरनं सांगितलं. त्यानं काच चढवून ठेवली होती आणि हातात फोटो ओढायचा रबरी फुगा धरून तो तिकाटण्याशेजारी उभा होता. "म्हणजे तुमी सभा घेवा. मी आपला सांगून ठेवतंय."

मी काकांना सांगितलं, "असं घाला. हा फोटो ह्या घराच्या बाहेर जाणार नाही. मुंबईला नाही, कुठंच नाही. कोणाच्याही हातून."

आईनं मान वर केली. "आणि चेडू?"

"चेडू कोल्हापूरला जाईल. दिवाळीनंतर."

"म्हणजे फोटो रवतलो, नि तू जातलंस."

"होय."

आई तुळशीकडे बघत राहिली. ती काकांशी कधी सरळ बोलत नसे, थोरले दीर म्हणून. आताही बोलली ती तुळशीशीच. "चार वर्सां चेडू खंय होता? कोल्हापुराक. सुट्टेक इला काय सभा, नायतर मोर्चो. यंदाचो पावसाळो गावलो तो तेवडोच. मुंबयक दिला आसता तर निदान दर गणपतीक माहेरपणाक इला आसता. नोकरयेवाल्याक कोण माहेराक धाडता?" तिनं पदरानं नाक पुसलं. "मगे माझापण एक घाला. ह्या चेडू दर वर्सा जत्रेक घराक येतला. काम आसांदे, सभा आसांदे, सरकार पडांदे. आणि हयसर उभ्या रवान होय म्हणतला. तोंडान. मनात म्हटला, असा चलाचा नाय."

"आई, हे—"

"तू घातलंस मां एक? मगे ह्या माझा. दोन्ही घाला, नायतर पयला तसाच रवांदे. मुंबयचा."

आता गोष्ट इतकी सरळ झाली होती की मला तिच्यात शिरायला फटच सापडेना. पहिलं तसंच राहिलं तर बाकीच्या सगळ्यांचं होय त्याला मिळालेलं होतंच, फक्त अर्धं. काका ते पुरं करून नारळ फोडू शकत होते. मोडायचं तर दुरुस्ती हवी. दुरुस्ती आईला बांधायची तर ती नारळावरच हवी, कारण माझा शब्द आईनं मोडला असता, बाबांचाही मोडला असता, हा एकच तिला मोडता येणार नव्हता. आणि त्याला माझं होय हवं होतं. मोठ्यानं. सगळ्यांसमोर. ज्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता त्याच्यावर.

मला ते बुवाबाजीविरुद्धचं पत्रक ओळीनं आठवत होतं. त्यात अशा प्रसंगी काय करावं याबद्दल काहीही दिलेलं नव्हतं.

मी बाबांकडे पाहिलं. ते आभाळाकडे बघत म्हणाले, "ठराव एकमतान होवक होयो, बाय. तटस्थ रवल्यार चलणा नाय."

"हात दुखाक लागले," काका म्हणाले.

"पाच मिनटां," फोटोग्राफर म्हणाला. "जास्तीत जास्त पाच. तू बस तरी थंय. होय म्हणूचा तर बसान म्हण, म्हणूचा नसात तर बसान गप रव. पण बस."

आईनं घरातून आणलेल्या साध्या लाकडी खुर्चीवर मी बसले. फुलदाणी मी पायानं बाजूला सारली. टोपी नीट केली, गुलाबी गुंडाळी मांडीवर उभी धरली. काकांनी तुळशीकडे तोंड केलं आणि पुन्हा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! मगाशी मुंबयचा बोललंय, ता लेकरांच्या मनात इला नाय म्हणान बदलतंय. हो फोटो ह्या उंबऱ्याभायर जावचो नाय. कोणी न्हेवचो नाय, कोणी देवचो नाय."

"होय म्हाराजा!" यात आईचा आवाज होता. बारीक, पण होता. मी कान देऊन ऐकला. मी तोंड उघडलं नव्हतं, आणि काका तुळशीकडे बघत थांबले होते.

"आणि जा कोण चेडू दिवाळयेनंतर हयसून जातला, ता दर वर्सा जत्रेक ह्या घराक येतला, आणि तुझ्याम्होरं आपल्या तोंडान होय म्हणतला. दोन्ही एकाच नारळार आसत. मान्य करून घे!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांचं म्हणून झालं. माड सळसळले, तळं फुगलं आणि बसलं. काका हलले नाहीत. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर विनंती नव्हती. समोरच्यानं माल दाखवला, आता तू पैसे काढ, असं बाजारात बघतात तशी ती बघत होती. तिनं कोल्हापूर देऊन टाकलं होतं. आता माझी पाळी होती.

मी म्हटलं. सभेत म्हणतात तसं, पोटातून, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असं.

"होय म्हाराजा!"

आणि फोटोग्राफरनं फुगा दाबला.

"आता?" मी किंचाळले. "आता दाबलास?"

"मगे केवा? तुमचो पुढचो ठराव होयसर?" त्यानं माडांकडे बोट दाखवलं. सूर्य खरंच गेला होता. "तां तोंड बंद होयपर्यंत काळोख पडलो आसतो."

काकांनी नारळ फोडला, सगळ्यांना शेड, म्हणजे प्रसादाचं खोबरं, वाटली. फोटोग्राफरनं खोबऱ्याचा तुकडा दाताखाली धरला, पडदा गुंडाळला, पेटी उचलली आणि होडी सुटायच्या आत वाळूतून धावत सुटला. फुलदाणी आमच्याकडेच राहिली. अजून आहे. आई तिच्यात रवळ्या-टोपल्या विणायच्या काड्या ठेवते.

दिवाळीच्या तोंडावर बाबा फोटो घेऊन आले. जाड राखाडी पुठ्ठ्यावर चिकटवलेला, वर पातळ कागदाचं झाकण. आई-बाबांनी तो कागद उचलला. झगा छान आला होता. तांबूसपणा कुठच्या कुठं गेला होता. टोपी चौकोनी, रुबाबदार. माझ्या उजव्या कानाशी तो हंस, डोळे वटारून. पडदा वाऱ्यानं उचलला गेल्यामुळे खाली खऱ्या समुद्राची एक पांढरी रेघ आली होती. आणि या सगळ्याच्या मधोमध माझं तोंड उघडं. नुसतं उघडं नाही, तर थोडं हललेलंही, म्हणून ते होतं त्याहून मोठं दिसत होतं. कोणाशी तरी भांडताना मध्येच धरावं तसं.

"गाता काय?" शेजारणीनं विचारलं.

"बोलता," बाबा म्हणाले. त्यांनी फोटो हातभर लांब धरला, मग जवळ आणला, प्रूफ बघतात तसा. "बरो आसा. अगदी हिच्यासारखो आसा."

भिंतीवर लावायला आई तयार नव्हती. आमच्या भिंतीवर देव आणि गेलेली माणसं, जित्याला तिथं जागा नाही. म्हणून तिनं तो पडवीतल्या फळीवर, पानाच्या डब्याला टेकवून ठेवला.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मुंबईचे मामा आले. मी आत माजघरात पोहे निवडत होते, तिथून सगळं ऐकू येत होतं. चहा झाला, फराळ झाला, पाण्या-पावसाचं झालं. मग मामा म्हणाले, "मगे वयनी, तो फोटो देतास मां? उद्याची माझी गाडी."

आईनं फळीवरून फोटो काढल्याचा आवाज आला.

"हो बघा."

"बरो आसा," मामा म्हणाले. मग, "तोंड असा कित्याक?"

"देवाक होय म्हणता."

"आं?"

"गाऱ्हाण्यात. होय म्हणता ती."

"बरा, बरा." मामांनी हात पुढं केला असावा. "द्या हयसर, पिशयेत घालतंय."

"न्हेवक गावचो नाय."

"कित्याक?"

"नारळार शब्द झालो. उंबऱ्याभायर जावचो नाय."

मामा मुंबईत कितीही वर्षं राहिले असले तरी माणूस आमच्याच किनाऱ्याचा. त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. कप बशीत ठेवला. "मगे कठीण आसा. फोटवाशिवाय ती माणसां बघूचीत नाय."

"तां खरा," आई म्हणाली. "आणि चेडूपण हयसर रवणा नाय. भाऊबीज झाली काय कोल्हापुराक जाता. पेपरात लागला."

"पेपरात? काय करता थंय?"

मी हातातले पोहे तसेच धरले.

"लोकांच्यो चुको काढता," आई म्हणाली. "आणि तेचो पगार घेता."

भाऊबीज झाल्यावर मी गेले. साप्ताहिकात माझं बरं चाललं. चुका काढायला भरपूर होत्या. पुढं लिहायलाही मिळालं. पुढच्या जत्रेला ऐन अंकाच्या दिवशी मी संपादकांकडे रजा मागितली, तेव्हा ते चकित झाले. देवधर्माविरुद्ध सगळ्यांत कडक मजकूर माझाच असायचा. "तुम्ही जत्रेला?" ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं, हा धार्मिक प्रश्न नाही. रीतसर सभेत, दुरुस्तीसह, एकमतानं मंजूर झालेला ठराव आहे, आणि त्याला माझं मत पडलेलं आहे. त्यांनी रजा दिली.

घाट उतरून तळेऱ्याला गाडी बदलली, खाडीवर होडी मिळाली, आणि ऊन उतरायच्या वेळेला मी वाळू तुडवत घरी पोचले. आई पडवीत होती. फोटो फळीवरच होता, पुठ्ठ्याचा एक कोपरा खारट हवेनं वर उचललेला. वाटेत जे घोकलं होतं ते मी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिला ऐकवलं. माझी मतं बदललेली नाहीत, मी येते आहे ती ठराव मानते म्हणून, आणि उद्या देवळात होय म्हणेन तेही ठरावाची अंमलबजावणी म्हणूनच.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग हंड्यातलं पाणी तांब्यात काढलं आणि तो माझ्यापुढं धरला.

"ठराव म्हण, नायतर आणि काय म्हण," ती म्हणाली. "इलंस मां? पाय धुवन घे. आणि उद्या म्हणशीत ता वायच हळू म्हण. फोटवाक पुरे झाला."